हक्काचे छप्पर, हक्काचा रोजगार : सॉल्ट लेक सिटीचा भेदभावविरोधी कायदा

अमेरिकेतील युटा राज्याची राजधानी असलेल्या सॉल्ट लेक सिटीच्या नगर परिषदेने १० नोव्हेंबर २००९ रोजी दोन स्थानिक कायदे एकमताने संमत केले. एखादी व्यक्ती समलिंगी, उभयलिंगी वा तृतीयपंथी आहे म्हणून तिला नोकरीवरून काढणे किंवा घर नाकारणे त्यामुळे शहराच्या हद्दीत बेकायदा ठरले. अमेरिकेतील अनेक शहरांत असे कायदे आधीच झाले होते. युटामध्ये मात्र हे पहिलेच. त्याहून मोठे आश्चर्य म्हणजे, समलिंगी विवाहाला कडाडून विरोध करणाऱ्या मॉर्मन चर्चने या कायद्यांना जाहीर पाठिंबा दिला.

पार्श्वभूमी

'चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' हे या पंथाचे अधिकृत नाव. जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये त्याची स्थापना केली. १८४७ मध्ये ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली अनुयायांनी सॉल्ट लेकच्या खोऱ्यात वस्ती केली. हा पंथ स्वतःला ख्रिस्ती मानतो. कॅथलिक व अनेक प्रॉटेस्टंट चर्चना मात्र त्याची काही तत्त्वे मान्य नाहीत. युटाच्या राजकारणावर या चर्चचा प्रभाव निर्विवाद आहे.

२००८ मध्ये कॅलिफोर्नियात समलिंगी विवाह रोखणारा 'प्रस्ताव ८' सुमारे ५२ टक्के मतांनी मंजूर झाला. त्यासाठी वेळ आणि पैसा द्यावा, असे आवाहन चर्चने आपल्या सदस्यांना केले होते. निकालानंतर मॉर्मन मंदिरांसमोर निदर्शने झाली. जुलै २००९ मध्ये सॉल्ट लेक सिटीत चर्चच्या मालकीच्या चौकात चुंबन घेतल्यावरून एका पुरुष जोडप्याला अडवण्यात आले आणि वातावरण अधिकच तापले. त्याच काळात समलिंगी चळवळीतील काही कार्यकर्ते व चर्चचे अधिकारी यांच्यात गाजावाजा न करता भेटीगाठी सुरू झाल्या होत्या.

चर्चचा युक्तिवाद

मतदानापूर्वीच्या सुनावणीत चर्चचे प्रवक्ते मायकेल ऑटरसन यांनी बाजू मांडली. हा कायदा न्याय्य व वाजवी असून त्यामुळे विवाहसंस्थेला बाधा येत नाही. प्रश्न माणसाच्या डोक्यावर छप्पर असण्याचा आणि भेदभावाविना काम करण्याचा आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. विवाहाविषयीची शिकवण तसूभरही न बदलता, धर्मसंस्कार आणि नागरी हक्क यांत त्यांनी रेषा आखली.

ही रेषा ख्रिस्ती जगतात सर्वत्र एकाच जागी नाही. कॅथलिक चर्चची १९९२ ची 'धर्मशिक्षिका' समलिंगी संबंध अनैतिक मानते. मात्र अशा व्यक्तींबाबत अन्याय्य भेदभावाची प्रत्येक खूण टाळावी, असेही सांगते. त्याच वर्षी व्हॅटिकनच्या एका टिपणाने मात्र शिक्षकांची नेमणूक किंवा दत्तकविधान यांसारख्या बाबींत लैंगिक कल विचारात घेणे हा अन्याय ठरत नाही, असे म्हटले. दुसऱ्या टोकाला, अमेरिकेच्या एपिस्कोपल चर्चने १९७६ मध्येच समलिंगी व्यक्तींना कायद्याचे समान संरक्षण मिळावे असा ठराव केला होता, तर 'युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट'ने १९७२ मध्ये उघडपणे समलिंगी असलेल्या व्यक्तीला धर्मोपदेशकाची दीक्षा दिली होती.

सवलती आणि मर्यादा

सॉल्ट लेक सिटीच्या कायद्यातून धार्मिक संस्था वगळण्यात आल्या. पंधराहून कमी कर्मचारी असलेले मालक आणि चारपेक्षा कमी घरे भाड्याने देणारे घरमालक यांनाही सूट मिळाली. दुकाने, उपाहारगृहे यांसारख्या सार्वजनिक सेवांचा त्यात समावेशच नव्हता. छोट्या दुकानात नोकरी करणारा किंवा मालकाच्याच इमारतीत भाड्याने राहणारा माणूस त्यामुळे पूर्वीइतकाच असुरक्षित राहिला. सवलतींविना चर्चचा पाठिंबा मिळणे कठीण होते. सवलतींमुळे संरक्षण अपुरे राहिले.

पुढील वाटचाल

त्यानंतरच्या काही वर्षांत युटातील डझनाहून अधिक शहरे व काउंटींनी असेच कायदे केले. राज्याच्या विधिमंडळात मात्र हा विषय वारंवार अडला. जानेवारी २०१५ मध्ये चर्चच्या ज्येष्ठ नेत्यांनी, धर्मस्वातंत्र्य जपले जाणार असेल तर अशा संरक्षणाला पाठिंबा देऊ, असे जाहीर केले आणि १२ मार्च २०१५ रोजी गव्हर्नर गॅरी हर्बर्ट यांनी राज्यव्यापी कायद्यावर स्वाक्षरी केली. २०२० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नोकरीतील असा भेदभाव देशभर बेकायदा ठरवला.

चर्चच्या आत मात्र चित्र वेगळे होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये समलिंगी विवाह करणाऱ्या सदस्यांना धर्मभ्रष्ट ठरवणारा आणि अशा जोडप्यांच्या मुलांना बाप्तिस्मा नाकारणारा नियम आला. तो एप्रिल २०१९ मध्ये मागे घेण्यात आला.

मुंबईतील पडसाद

श्रद्धा आणि नागरी हक्क यांत अशीच रेषा मुंबईतही आखली गेली. समलिंगी संबंध गुन्हा न मानण्याच्या दिल्ली उच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालाविरुद्ध काही ख्रिस्ती संघटनाही सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. डिसेंबर २०१३ मध्ये न्यायालयाने कलम ३७७ पुन्हा लागू केले, तेव्हा मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी, समलिंगी विवाहाला चर्चचा विरोध असला तरी समलिंगी व्यक्तींना ते गुन्हेगार मानत नाही, असे स्पष्ट केले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले.

सॉल्ट लेक सिटीत देवळाची वेदी आणि भाड्याचे घर या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या गेल्या, म्हणूनच कायदा होऊ शकला. वेदीपाशी वाद कायम राहिला. पण त्या वादापायी कोणाचे घर वा नोकरी जाऊ नये, एवढे त्या शहराने मान्य केले.