नवी मुंबईत घरामागे कोंबड्यांचा खुराडा बांधायचाय? लाकूड-जाळीआधी माणसं जमवा

नवी मुंबई म्हटलं की सिडकोच्या इमारती आणि सेक्टरांचे नंबर आठवतात. पण याच सेक्टरांना लागून दिवाळे, सारसोळे, करावे, घणसोली अशी जुनी गावं आहेत. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. शेती गेली, गावठाणं राहिली. तिथल्या आगरी-कोळी घरांमागे खुराडा असणं ही काही नवलाची गोष्ट नाही. आज रो-हाऊसमध्ये राहणाऱ्या कुणालाही चार-पाच कोंबड्या पाळायच्या असतील, तर शिकायला ही घरं हाकेच्या अंतरावर आहेत.

आधी कुणाला विचारायचं?

महापालिकेच्या विभाग कार्यालयात नियम विचारून घ्या. सोसायटी असेल तर तिचीही परवानगी घ्या. शेजाऱ्यांशी मात्र स्वतः जाऊन बोला. त्यांची भीती दोनच गोष्टींची असते, वास आणि पहाटेची बांग. बांगेवर सोपा उपाय आहे. अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही. तो फक्त पिल्लं हवी असतील तरच लागतो.

खुराडा कसा असावा?

पाच कोंबड्यांना रात्री बसायला ४ फूट बाय ३ फूट जागा पुरते. दिवसा फिरायला वेगळी मोकळी जागा हवी. खुराडा जमिनीपासून दीड-दोन फूट उंच ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी आत शिरत नाही आणि खालून झाडता येतं. लांबीची बाजू पूर्व-पश्चिम ठेवली की ऊन थेट आत येत नाही.

कोकणातला पाऊस नैऋत्येकडून झोडपतो. म्हणून दक्षिण आणि पश्चिम बाजूला छप्पर दोन फूट तरी बाहेर काढा आणि गुंडाळता येईल अशी ताडपत्री लावा. पत्रा एप्रिल-मेमध्ये तापतो, त्यावर झावळ्या किंवा ओली गोणपाटं टाका.

आत बसायला आडवी काठी, अंडी घालायला गवत भरलेली एक-दोन खोकी आणि तळाला दोन-तीन इंच भाताचं तूस घाला. तूस ओलं झालं की वास सुटतो, म्हणून ते रोज हलवा आणि भिजलेलं लगेच काढा.

जाळीत कंजूषी नको

बाजारात मिळणारी षटकोनी, मोठ्या भोकांची जाळी कोंबडीला आत ठेवते, पण साप किंवा उंदराला बाहेर ठेवत नाही. अर्धा इंच भोकांची वेल्ड केलेली जाळी घ्या आणि ती खालच्या बाजूलाही लावा. शहरात कुत्री, मांजरं आणि घुशी आहेतच. खाडीकिनारी मुंगूस असतात आणि खारफुटीत कोल्हेही. दाराला एक नाही, दोन कड्या लावा.

मदत नेमकी कशाला?

ठोकाठोक दोन रविवारांत उरकते. पत्रा धरायला दोघं, जाळी ताणायला एक आणि सुतारकाम येणारा एखादा मित्र एवढी माणसं पुरतात. खरं काम नंतर सुरू होतं. दार रोज संध्याकाळी लावावं लागतं, वर्षाचे ३६५ दिवस. एक संध्याकाळ विसरली की सकाळी पिसंच सापडतात.

म्हणून पहिल्याच दिवशी पाळ्या वाटून घ्या. सकाळी दाणा-पाणी कोण देणार? दिवेलागणीला कोंबड्या मोजून कडी कोण लावणार? गणपतीला सगळे गावी गेल्यावर शेजारचं कोण बघणार? घरात आजी असेल तर तिला जरूर विचारा. कोंबडी खुडूक झालीय की आजारी आहे, हे अनुभवी डोळ्याला लवकर कळतं.

आजाराचं काय?

मानमोडी, म्हणजे रानीखेत, या रोगावर लस आहे. पिल्लांना ती पहिल्या आठवड्यातच देतात. म्हणून पिल्लं घेतानाच लसीकरण झालंय का ते विचारा आणि पुढच्या लसी पशुवैद्यकांना विचारून द्या. परसासाठी गिरिराज, वनराज या जाती सोयीच्या आहेत.

बर्ड फ्लूची भारतातली पहिली नोंद महाराष्ट्रातच झाली, २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. जंगली पाणपक्षी हा विषाणू वाहून आणू शकतात आणि नवी मुंबईला तर खाडी लागूनच आहे. त्यामुळे दाणा-पाणी छपराखालीच ठेवा, कावळे-कबुतरांना त्यात चोच घालू देऊ नका. खुराड्यातून आल्यावर साबणाने हात धुवा.

अचानक एकापेक्षा जास्त कोंबड्या मेल्या, तर उघड्या हाताने उचलू नका आणि नाल्यात तर अजिबात टाकू नका. लगेच सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. साथ पसरली तर शेजाऱ्यांच्या कोंबड्याही जातात.

पिल्लं आणायची घाई करू नका. आधी खुराडा पूर्ण करा, एक जोरदार पाऊस त्यावरून जाऊ द्या. आतलं तूस कोरडं राहिलं, तरच कोंबड्या आणा.