संगणक-कक्षाचे सहावे वर्ष

सरकारी योजनांचा इतिहास बहुधा त्यांच्या उद्घाटनांचा इतिहास असतो. योजना कोणत्या साली आली, किती शाळांना किती यंत्रे मिळाली, हे संसदेतील उत्तरांत आणि वार्षिक अहवालांत सापडते. ती यंत्रे पुढे कशी चालली, केव्हा थांबली आणि कोणी पुन्हा सुरू केली, याची नोंद क्वचितच मिळते. शाळांतील संगणकांच्या गेल्या चाळीस वर्षांकडे मला या दुसऱ्या बाजूने पाहावेसे वाटते. त्यासाठी भिलाईसारखे दुसरे गाव नाही. यंत्र जुने होते, ही गोष्ट त्या गावाला कोणी शिकवावी लागत नाही.

आरंभ १९८४-८५ चा. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने आणि शिक्षण मंत्रालयाने मिळून 'क्लास' नावाचा प्रकल्प हाती घेतला. सुरुवातीला सुमारे २५० शाळा निवडल्या गेल्या आणि त्यांना ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो हा संगणक देण्यात आला. त्याची स्मृती अवघी ३२ किलोबाइट. १९९३ नंतर योजनेला नवे रूप मिळाले, आयबीएम धर्तीचे संगणक आले. बीबीसी मायक्रोसाठी लिहिलेले कार्यक्रम त्यांवर चालणारे नव्हते. अशा रीतीने संगणक-शिक्षणाची पहिली पिढी मागे काही न ठेवता निवृत्त झाली.

याच यंत्राच्या मायदेशी काय घडले, ते मोठे बोधप्रद आहे. सन १०८६ मध्ये इंग्लंडमध्ये झालेल्या जमीन-पाहणीचे 'डूम्सडे बुक' चर्मपत्रावर लिहिलेले असून ते आजही वाचता येते. त्याला ९०० वर्षे झाली म्हणून १९८६ साली बीबीसीने नव्या युगाचे डूम्सडे तयार केले. ९,००० हून अधिक शाळा आणि सुमारे दहा लाख लोकांनी आपापल्या गावाची माहिती, चित्रे आणि नकाशे पाठवले. ते सारे लेझर-तबकड्यांवर उतरवले गेले आणि बीबीसी मायक्रोच्या पुढच्या आवृत्तीवर पाहता येऊ लागले. पंधरा-सोळा वर्षांतच त्या तबकड्या वाचू शकणारी यंत्रे दुर्मीळ झाली. २००२ मध्ये लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांतील संशोधकांनी जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारी आज्ञावली लिहून ती माहिती सोडवली. पुढे २०११ मध्ये तिचा मोठा भाग इंटरनेटवर आला.

मराठी वाचकाला ही कथा परकी वाटू नये. छत्तीसगढात नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, तेव्हा मराठी भाषा आणि मोडी लिपी या प्रदेशात आली. मोडीतील लक्षावधी कागद आज दफ्तरखान्यांत शाबूत आहेत, पण ते वाचणारे थोडे उरले आहेत. माहिती जपणे आणि ती वाचण्याची सोय जपणे, ही दोन वेगळी कामे आहेत. आपल्या योजनांनी यांपैकी दुसऱ्या कामाकडे नेहमीच कमी लक्ष दिले.

डिसेंबर २००४ मध्ये केंद्राने शाळांसाठी माहिती-तंत्रज्ञानाची व्यापक योजना सुरू केली. २०१० मध्ये ती सुधारली आणि २०१८ मध्ये समग्र शिक्षा अभियानात सामावली. अनेक राज्यांनी 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' या पद्धतीने कंत्राटे दिली. कंत्राटदार पाच वर्षे संगणक-कक्ष चालवणार आणि मग तो शाळेच्या स्वाधीन करणार. आवर्ती अनुदानाची मुदतही पाचच वर्षांची. म्हणजे यंत्रे म्हातारी होऊ लागतात नेमक्या त्याच वर्षी दुरुस्तीचा पैसा आणि दुरुस्तीचा माणूस हे दोघेही निघून जातात. बाजारातून मिळणारा आधारही कायमचा नव्हता. शाळांत सर्रास असलेल्या विंडोज एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४ मध्ये थांबवली, तर सर्व्हर २००३ या प्रणालीची जुलै २०१५ मध्ये.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. आयकराचे नियम व्यापाऱ्याला संगणकावर दरसाल ४० टक्के घसारा मान्य करतात. सरकारी हिशेब मात्र रोख पद्धतीचे, त्यात घसाऱ्याला रकानाच नाही. डेड स्टॉक रजिस्टरात दहा वर्षांपूर्वीचा सर्व्हर पहिल्या दिवसाच्याच किमतीने नांदत असतो. वार्षिक पडताळणीत तो 'आहे' की नाही एवढेच पाहिले जाते. तो चालतो का, त्यातील माहितीची दुसरी प्रत आहे का, हे विचारणारा रकाना मी तरी पाहिलेला नाही.

याउलट भिलाईचा पोलाद कारखाना पाहा. २ फेब्रुवारी १९५५ ला सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. मूळ क्षमता वर्षाला दहा लाख टन. भट्टीच्या आतील विटांचे अस्तर झिजणार, हे तिथे पहिल्या दिवसापासून गृहीत असते. काही वर्षांनी भट्टी ठरवून थंड करतात आणि तिचे अस्तर नव्याने बांधतात. या 'कॅपिटल रिपेअर'ची तयारी आणि तरतूद कितीतरी आधीपासून चाललेली असते. भट्टी बंद पडल्यावर पैसा शोधायचा, ही कल्पनाच तिथे कोणाला सुचणार नाही.

काही वर्षांपूर्वी कामानिमित्त भिलाईला माझे जाणे होत असे. तेथील एका शाळेचा सर्व्हर बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला थोडेच दिवस उरले असताना बंद पडला. त्याच्यावर वीस संगणक अवलंबून होते. संगणक धडधाकट होते, पण विद्यार्थ्यांची खाती, संगणकांना मिळणारे पत्ते आणि प्रकल्पांच्या फायली, सारे सर्व्हरच्या स्वाधीन. शिवाय त्या वस्तीतील अनेक मुलींनी हात लावलेला संगणक शाळेतलाच, दुसरा नाही.

मदतीला आले ते कारखान्याच्या उपकरण-विभागातून निवृत्त झालेले, मूळ विदर्भातले एक गृहस्थ. त्यांनी आल्याबरोबर स्क्रूड्रायव्हर न मागता 'लॉग-बुक कुठे आहे?' असे विचारले. पाळी बदलताना नोंदवही सोपवण्याची तीस वर्षांची सवय! नोंदवही नव्हती. मग त्यांनी शिक्षिकेला बसवून कोणता पासवर्ड कोणाला ठाऊक आहे, कोणती तार कुठे जाते, हे आधी कागदावर लिहवून घेतले. नंतर जुनी हार्ड डिस्क पुन्हा पुन्हा चालू करून पाहण्यास सर्वांना मनाई केली. तिची जेवढी वाचता येईल तेवढी नक्कल नव्या डिस्कवर घेतली आणि पुढचे सगळे प्रयोग त्या नकलेवर केले.

तरीही संगणक सर्व्हरला ओळखेनात. कारण क्षुल्लक होते. आतील नाण्याएवढ्या बॅटऱ्या संपल्यामुळे त्यांची घड्याळे कित्येक वर्षे मागे गेली होती. सर्व्हरच्या घड्याळाशी पाच मिनिटांहून अधिक तफावत असली, की अशी प्रणाली प्रवेश नाकारते. बॅटऱ्या बदलल्या आणि सतरा संगणक सुरू झाले. काही फायली गेल्या त्या गेल्याच. पण अंतर्गत गुण शिक्षिकेने वहीतही लिहून ठेवलेले असल्याने कोणाचे वर्ष वाया गेले नाही. एकूण खरेदी म्हणजे एक डिस्क, वीस बॅटऱ्या आणि एक स्विच. दुरुस्तीला तीन दिवस लागले. खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचा, हे ठरायला चार.

भिलाईत आता आयआयटी आहे. उच्च तंत्रशिक्षणाचे हे शिखर आणि बॅटरीअभावी थांबलेला शाळेचा संगणक-कक्ष एकाच गावात नांदतात. त्याचा दोष कोणा एका व्यक्तीकडे जात नाही. तो योजनेच्या आखणीत आहे आणि म्हणूनच दुरुस्त होण्याजोगा आहे. माझ्या मते तीन गोष्टी पुरेशा आहेत. मंजुरीच्या टिपणीतच सहाव्या ते दहाव्या वर्षाची तरतूद दाखवावी. वार्षिक पडताळणीत 'चालू स्थिती' आणि 'शेवटचा बॅकअप' असे दोन रकाने वाढवावेत. आणि मुख्याध्यापकाला किरकोळ दुरुस्तीपुरता खर्चाचा अधिकार असावा. यांपैकी कशालाही नवा कायदा लागत नाही. कारखान्यात जे साठ-पासष्ट वर्षे चालले आहे, ते कुंपणापलीकडच्या शाळेतही चालू शकेल.