आगकाड्यांची मौज आणि इर्शाळवाडीची रात्र

तरुणांचें लक्ष जगाच्या प्रश्नांकडे वळविण्याचा एक नवा मार्ग अलीकडे रूढ होत आहे. हवामान, पाणी, ऊर्जा असा एखादा विषय जाहीर करावयाचा, त्यावर कांहीं मिनिटांचे ॲनिमेशनपट मागवावयाचे आणि उत्तम कृतीस पारितोषिक द्यावयाचें. मार्ग स्तुत्य आहे. परंतु पारितोषिकानें विचार जागा होतो, कीं परीक्षकांस रुचेल तेंच बोलण्याची संवय लागते, हा प्रश्न महाराष्ट्रास नवा नाहीं.

पेशवाईंतील दक्षिणेच्या निधींतून पुढें इंग्रजी अमदानींत मराठी ग्रंथांस बक्षिसें देणारी कमिटी निघाली. तिच्यामुळें पुष्कळ हात लिहिते झाले, हें मान्य केलें पाहिजे. परंतु १८५५ सालीं जोतीराव फुल्यांनीं ‘तृतीय रत्न’ हें नाटक तिच्यापुढें ठेविलें, तेव्हां तें नाकारण्यांत आलें. लेखकाचें वय अवघें अठ्ठावीस. भोळ्या कुणबी जोडप्याची होणारी फसवणूक आणि अखेर त्यांनीं धरलेली शिक्षणाची वाट, हा त्या नाटकाचा विषय. त्या काळाचा सर्वांत जिवंत प्रश्न त्या काळच्या परीक्षकांस बक्षिसास पात्र वाटला नाहीं.

याच्या उलट, स्पर्धा नसतांना काय घडतें, हें दादासाहेब फाळक्यांनीं दाखविलें. बोरघाटाच्या माथ्यावर लोणावळ्यास छपाईचा धंदा करणाऱ्या या गृहस्थानें पुढें मुंबईस वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडीथोडी चित्रित केली आणि कित्येक दिवसांचें काम क्षणांत डोळ्यांपुढें आणलें. महायुद्ध चालूं असतां १९१५ सालीं त्यांनीं ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. काडी किंचित् सरकवावी, एक चित्र घ्यावें, पुन्हां सरकवावी. अशा चिकाटीनें निर्जीव काड्या चालूं लागतात. या कलेस मोठें भांडवल लागत नाहीं. पाहण्यासारखें कांहींतरी मनांत असावें लागतें.

तें मनांत असण्यास दूर जावें लागत नाहीं, याची साक्ष त्याच घाटाच्या पायथ्याचे कर्जत व खालापूर हे तालुके देतात. त्याच १९१५ सालीं खोपोलीचें वीजघर सुरू झालें. घाटमाथ्यावरील तलावांचें पाणी नळांतून खालीं कोसळूं लागलें आणि त्याच्या शक्तीवर मुंबईच्या गिरण्या फिरूं लागल्या. पुढें दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, १९४२ सालीं, माथेरानचे भाई कोतवाल व त्यांच्या आझाद दस्त्यांतील तरुणांनीं मुंबईस वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारांत कोतवाल व हिराजी पाटील यांना वीरमरण आलें. कोतवालांचें वय तेव्हां तीस होतें. जगाच्या युद्धाचा आणि आपल्या रानांतून जाणाऱ्या तारांचा संबंध या तरुणांना कोणी विषय लावून शिकविला नव्हता.

आणि अगदीं अलीकडची गोष्ट. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं मुसळधार पावसांत खालापूर तालुक्यांतील इर्शाळवाडीवर डोंगराचा कडा कोसळला. वर मोटार जाईल असा रस्ता नव्हता. मदतीस गेलेल्यांना अंधारांत पायीं चढावें लागलें. चार दिवसांनीं शोध थांबला, तेव्हां सत्तावीस मृतदेह मिळाले होते आणि सत्तावन्न माणसें बेपत्ताच राहिलीं. पाऊस मातींत कसा मुरतो, उतार कसा सैल होतो, हें त्या रात्रीं कोणत्या कॅमेऱ्यास दिसणार होतें? परंतु चौक किंवा कर्जतच्या शाळेंतील मुलगी मूठभर माती व चार काड्या घेऊन तें दाखवूं शकेल. छायाचित्रास जें सांपडत नाहीं, तेथेंच या कलेचें खरें कार्य सुरू होतें.

म्हणून स्पर्धा भराव्यात, पारितोषिकेंही द्यावीत. आमची सूचना एवढीच कीं, विषय ठरविण्याचा अधिकार तरुणांकडे असावा. जगाचा प्रश्न कोणता, हें परीक्षकांनीं अगोदर सांगितलें, तर ध्रुवावरील वितळत्या बर्फाचीं सुबक चित्रें येतील. इर्शाळगडाखालची वाडी मात्र त्यांत दिसणार नाहीं. आणि ती एखाद्या मुलानें काढलीच, तर ‘विषयास सोडून’ असा शेरा मारून ती परत पाठविली जाऊं नये.