मिरीचा वेल दरवर्षी पिवळा पडतोय? खत टाकण्याआधी मुळं बघा

जोयडा : पावसाळ्यात हिरवागार असलेला काळ्या मिरीचा वेल दिवाळीच्या सुमाराला पिवळा पडतो आणि पुढच्या पावसात पुन्हा पालवतो. खत कमी पडलं असं समजून बरेच जण खत वाढवतात. पण दरवर्षी हेच होऊन वेल विरळ होत असेल, तर मुळांत सूत्रकृमी असण्याची शक्यता मोठी. काही वर्षांत असा वेल जातोच.

ओळख कशी करायची?
सूत्रकृमी डोळ्यांना दिसत नाहीत, मुळं मात्र सांगतात. बारीक मुळांवर गाठी असतील तर मेलॉइडोगायनी, मुळं काळपट होऊन कुजली असतील तर रॅडोफोलस हा प्रकार असू शकतो. रॅडोफोलस सुपारी आणि केळीच्या मुळांतही जगतो. आपल्याकडे सुपारीवर मिरी आणि मधे केळ लावतात, त्यामुळे त्याला बागेत बारमाही आसरा मिळतो. भर पावसात पानं गळून वेल झटक्यात मेला, तर तो बहुधा फायटोफ्थोरा बुरशीचा रोग. त्याचा उपाय वेगळा.

खात्रीसाठी वेलाच्या बुंध्याजवळची ओली माती बारीक मुळांसह पिशवीत भरा, उन्हात वाळू देऊ नका आणि शिरसीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

रोपांची माती
सूत्रकृमी बहुतेक वेळा रोपाच्या पिशवीतूनच बागेत येतात. मार्च-एप्रिलमध्ये पिशव्यांसाठीची माती ओली करून पातळ पसरा, पारदर्शक प्लास्टिकने झाका, कडा मातीने दाबा आणि चार ते सहा आठवडे कडक उन्हात ठेवा.

बागेत काय करायचं?
- फार खराब झालेले वेल मुळांसकट काढून जाळा. त्यांची छाटं लावू नका.
- दर वेलाला १ किलो निंबोळी पेंड द्या.
- पोकोनिया किंवा ट्रायकोडर्मा ५० ग्रॅम, वर्षातून दोनदा : पहिल्या पावसाला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. जमीन ओली हवी. त्याच वेळी बुरशीनाशक ओतू नका.

फोरेट नको
पूर्वी सर्रास टाकलं जाणारं दाणेदार फोरेट ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे. कुणी जुना साठा दिला तरी घेऊ नका. बागेतलं पाणी शेवटी ओढ्यातून काळी नदीलाच मिळतं.

जमिनीत शिरलेले सूत्रकृमी पुरते संपत नाहीत, फक्त आटोक्यात ठेवता येतात. त्यामुळे रोपं विकत घेताना एक पिशवी फाडून मुळं बघा. गाठी दिसल्या तर ती रोपं घेऊच नका.