परीक्षा गेली, मोर्स राहिला

बी.एड.ला शैक्षणिक मानसशास्त्राच्या पेपरात एक हमखास प्रश्न असायचा. अध्ययन वक्र म्हणजे काय? पठारावस्थेची कारणे लिहा. आम्ही आलेख काढायचो. सुरुवातीला चढ, मध्ये सपाट पट्टा, पुढे पुन्हा चढ. खाली चार कारणे आणि चार उपाय लिहिले की गुण वसूल. हा सपाट पट्टा मुळात कुणाच्या शिकण्यात सापडला, हे मात्र आम्हाला कुणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

तो सापडला तारेचे काम शिकणाऱ्यांच्या शिकण्यात. अमेरिकेत ब्रायन आणि हार्टर या दोघांनी १८९७ मध्ये तार शिकणाऱ्यांवरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. संदेश पाठवण्याचा वेग बऱ्यापैकी सरळ वाढत जायचा. पण कानाने ऐकून संदेश उतरवून घेण्याचा वेग एका ठिकाणी येऊन आठवडेच्या आठवडे तिथेच अडकायचा. कारण समजायला सोपे आहे. नवशिका टिंबे आणि रेघा मोजतो, मनातल्या तक्त्यात अक्षर शोधतो आणि मग लिहितो. थोड्या वेगापर्यंत हे जमते. त्यापुढे मोजायला वेळच उरत नाही. मग मोजणे सोडून अक्षराचा अख्खा नाद ओळखावा लागतो, पुढे अख्ख्या शब्दाचा. आपण वाचताना काना, मात्रा, वेलांटी सुटी सुटी मोजत नाही, तसेच.

हे पठार काहींसाठी दरवाजा झाले होते. त्या दरवाजावरून एका छंदाच्या लोकांमध्ये कित्येक वर्षे भांडण चालले. त्याची हकिकत वाचताना मला माझा वर्ग आठवत राहिला, म्हणून ती इथे मांडतो.

हा छंद म्हणजे हौशी रेडिओ, ज्याला सगळे हॅम म्हणतात. सरकारी परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा आणि घरातल्या यंत्रावरून जगभरच्या अनोळखी माणसांशी बोलायचे. पैसा कमवायचा नाही. परवान्याबरोबर एक हाकचिन्ह मिळते आणि हवेत तीच तुमची ओळख. जॉर्डनचे राजे हुसेन तिथे ‘जेवाय १’ होते, आपले राजीव गांधी ‘व्हीयू २ आरजी’ होते. बादशहा असो की कारकून, हाक मारायची पद्धत एकच. मला या छंदातली ही बरोबरी सगळ्यात जास्त आवडते. फक्त आत येण्याआधी मोर्सची परीक्षा पास व्हावी लागे.

ही अट कुणाच्या लहरीतून आलेली नव्हती. सुरुवातीला रेडिओवर आवाज जातच नव्हता, जायचे ते टिंब आणि रेघ. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाले. त्याच वर्षी अमेरिकेने कायदा करून हौशी लोकांनाही परवाना सक्तीचा केला. संकटातल्या जहाजाची हाक आली किंवा ‘तुमचे यंत्र बंद करा’ असा सरकारी केंद्राचा हुकूम आला, तर हौशी माणसाला तो कळायला हवा. आणि तो येणार मोर्समध्येच. तेव्हा मोर्स न येणाऱ्याच्या हाती यंत्र देणे म्हणजे पाटी न वाचता येणाऱ्याला रस्त्यावर गाडी देण्यासारखे होते. पुढे आंतरराष्ट्रीय नियमांतही ही अट आली.

पण रस्ता बदलत गेला. आवाज आला, टेलिप्रिंटर आला, संगणक आले. आंतरराष्ट्रीय परिषदांनी अट एकदम काढली नाही, थोडी थोडी सैल केली. १९४७ मध्ये १००० मेगाहर्ट्‌झच्या वरच्या लहरींसाठी सूट मिळाली, १९५९ मध्ये ती मर्यादा १४४ वर आली आणि १९७९ मध्ये ३० वर. म्हणजे जवळपास बोलायच्या लहरी मोकळ्या झाल्या. समुद्रापार पोचणाऱ्या खालच्या लहरींवर मोर्सचे कुलूप राहिले. जपानने मात्र १९५०च्या दशकाच्या अखेरीसच कमी शक्तीच्या यंत्रांसाठी मोर्सविना परवाना दिला होता आणि पुढे तिथली संख्या १० लाखांच्या वर गेली. कुलूप काढा म्हणणारे नेहमी जपानकडे बोट दाखवत.

खरी लढाई अमेरिकेत झाली. तिथे परवान्याच्या पायऱ्या होत्या. पहिलीला मिनिटाला ५ शब्द, पुढे १३ आणि सगळ्यात वरच्या ‘एक्स्ट्रा’ पायरीला २०. पठार साधारण १० शब्दांच्या आसपास लागते. म्हणजे १३ शब्दांची अट बरोबर पठाराच्या पलीकडच्या काठावर उभी होती. ५ शब्द मोजून मोजून घेणारा माणूस तिथे आपटायचा. सर्किट काढणारे, अँटेनाचे गणित तोंडपाठ असणारे इंजिनिअर कानापाशी अडत. ऐकू कमी येणाऱ्यांचे हाल तर सांगायलाच नकोत.

१९८३ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने मोर्सविना परवान्याचा प्रस्ताव मांडला. हौशी लोकांनीच इतका विरोध केला की तो मागे पडला. १९९१ मध्ये तसा परवाना आला, पण फक्त ३० मेगाहर्ट्‌झच्या वरच्या लहरींपुरता. त्यावर आलेल्यांना जुने लोक ‘नो-कोड’ म्हणू लागले आणि स्वतःला ‘नो-कोड’च, पण इंग्रजीतल्या ‘जाणणे’ या अर्थाच्या स्पेलिंगने. उच्चार एकच, पण एकात हिणवणे आणि दुसऱ्यात मिरवणे. २००० साली सगळ्याच पायऱ्यांची अट ५ शब्दांवर आली. तेव्हा नव्या एक्स्ट्रांना ‘एक्स्ट्रा लाइट’ हे नाव पडले आणि जुने आवर्जून सांगू लागले, ‘मी २० शब्दांचा एक्स्ट्रा आहे.’

दोन्ही बाजूंचे म्हणणे नीट ऐकण्यासारखे आहे.

मोर्स हवा म्हणणारे सांगत: आवाजाला जितकी रुंद पट्टी लागते तिच्या छोट्याशा भागात मोर्स मावतो. म्हणून आवाज खरखरीत बुडतो तिथेही टिंब-रेघ ऐकू येते. यंत्र इतके साधे की चार सुट्या भागांतून बांधता येते. ठरलेली संक्षिप्त रूपे असल्यामुळे एकमेकांची भाषा न येणारी माणसेही बोलू शकतात. आणि कष्टाने आत आलेला माणूस शिस्तीने वागतो. सत्तरच्या दशकात अमेरिकेत सिटिझन्स बँड नावाच्या मोकळ्या लहरींवर झालेला गोंधळ त्यांच्या डोळ्यांसमोर होता. परीक्षा गेली की तो बाजार इथे येईल, ही त्यांची भीती होती.

मोर्स नको म्हणणारे विचारत: मोर्स चांगला आहे, पण सक्ती कशासाठी? इतर कुठल्याही पद्धतीची अशी हात-कानाची परीक्षा तुम्ही घेत नाही. शिस्तीचा आणि टिंब-रेघेचा संबंध काय? जहाजांनीही १९९९ मध्ये उपग्रहाच्या नव्या संकटव्यवस्थेकडे जाऊन मोर्स सोडला. मग ज्या जहाजाची हाक ऐकण्यासाठी ही अट होती, ते जहाज आता मोर्समध्ये हाक मारणारच नाही. इथे छंदातली माणसे म्हातारी होत आहेत, तरुण येत नाहीत आणि तुम्ही दारात उभे राहून टिंबे मोजायला सांगता.

यांच्या खाली एक तिसरे म्हणणे होते, जे फारसे कुणी उघड बोलत नसे: आम्ही भोगले, मग यांनी का नाही?

जून-जुलै २००३ मध्ये जिनिव्हाच्या जागतिक परिषदेने ठरवले की मोर्सची परीक्षा घ्यायची की नाही हे ज्या त्या देशाने बघावे. ब्रिटन आणि जर्मनीने काही आठवड्यांतच अट काढली. अमेरिकेत १८ याचिका आल्या, हजारो लोकांनी मते लिहून पाठवली. तिथल्या हौशींच्या राष्ट्रीय संघटनेने मधला मार्ग सुचवला: सगळ्यांसाठी काढा, फक्त वरच्या पायरीला ५ शब्द ठेवा. आयोगाने तोही नाकारला. २३ फेब्रुवारी २००७ पासून तिथे मोर्सची परीक्षा संपली. भारतात १९७८ च्या नियमांत पहिल्या श्रेणीला १२ आणि दुसऱ्या श्रेणीला ५ शब्दांची अट होती. २००९ च्या दुरुस्तीने दोन श्रेणी केल्या: ‘जनरल’ला ८ शब्द आणि ‘रिस्ट्रिक्टेड’ मोर्सविना. आपण दार अर्धे उघडले.

पुढे काय झाले? बाजार भरला नाही. अमेरिकेतले परवानाधारक वाढले, २०११ च्या सुमारास ७ लाखांच्या वर गेले. आणि मोर्स मेला नाही. स्पर्धांत आजही त्याची गर्दी असते. सक्ती नसताना हौसेने शिकणारे नवे लोक येतात. ज्या जर्मनीने २००३ मध्ये परीक्षा काढली, त्याच जर्मनीने २०१४ मध्ये मोर्स-तारलेखनाला देशाच्या अमूर्त वारशाच्या यादीत बसवले. २०१७ मध्ये नोबेल मिळालेले खगोलशास्त्रज्ञ जो टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्याने ‘एफटी ८’ नावाची संगणकी पद्धत आणली. तिच्यात संगणकच संगणकाशी बोलतो. तेव्हा ‘हा काय खरा रेडिओ आहे?’ असे म्हणणाऱ्यांत मोर्सविना आलेलेही होते.

पण जुन्यांची भीती अगदीच खुळी होती असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे मोडीचे काय झाले ते बघा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळेत मोडी होती. ती अभ्यासक्रमातून गेली आणि दोन पिढ्यांत दप्तरखान्यातले लाखो कागद वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. आज आजोबांच्या जमिनीचा कागद घेऊन माणसे मोडी वाचणारा शोधत फिरतात. फरक इतकाच की मोडी परीक्षेतून गेली तेव्हा रोजच्या लिहिण्यातूनही गेली होती. मोर्स परीक्षेतून गेला तेव्हा रोज रात्री कुणीतरी कुणालातरी त्यात हाक मारत होते. हुनर टिकते ते वापराने, आणि ते मनापासून शिकवणारा उस्ताद असेल तर.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. लिहिताना त्याचा हात थरथरायचा. उर्दूचे व्याकरण पक्के, शेर तोंडपाठ, शब्दांची समज माझ्याहून बरी. मी खुशखतीचे, म्हणजे सुंदर अक्षराचे गुण दर परीक्षेत काटेकोर कापायचो. एका सहकाऱ्याने विचारले तेव्हा मी रुबाबात म्हणालो होतो, “आम्ही तख्तीवर बोरूने गिरवून शिकलो. अक्षर नाही तर उर्दू कसली?” त्याने दहावीला उर्दू सोडून दुसरा विषय घेतला. मी त्याला थांबवलेही नाही.

खुशखत मला आजही प्रिय आहे. शनिवारी शेवटच्या तासाला मी तख्ती आणि बोरू काढतो. ज्याला यायचे त्याने यावे, गुण नाहीत. गेल्या वर्षी सात मुले यायची, यंदा अकरा येतात. तो मुलगा त्यांत नाही, तो केव्हाच शाळेतून गेला.