तीन पौंड

राष्ट्रकार्याच्या इतिहासात पैशाची गोष्ट निघाली की आपल्याकडे थोडे अवघडल्यासारखे होते. कोण तुरुंगात गेला, कोण लाठीखाली पडला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण मागे राहिलेल्या बायकामुलांना भाकरी कोणी घातली, वकिलाची फी कोणी दिली, तारांचे पैसे कोणाच्या खिशातून गेले, हे विचारणे आपल्याला असभ्यपणाचे वाटते. मला मात्र या जमाखर्चाच्या वह्यांचा पहिल्यापासून नाद आहे. आणि परदेशी गेलेल्या हिंदी माणसांच्या लढ्याचा जमाखर्च पाहायचा तर दक्षिण आफ्रिकेतील नाताळपासूनच आरंभ केला पाहिजे.

नाताळच्या उसाच्या मळ्यांसाठी हिंदी मजुरांचे पहिले जहाज १८६० च्या नोव्हेंबरात डर्बनला लागले. पाच वर्षांचा करार, त्याचेच मजुरांच्या तोंडी झालेले रूप ‘गिरमिट’. पहिल्या वर्षी महिना दहा शिलिंग, पुढे दरसाल एकेक शिलिंग वाढ. या मजुरांच्या मागोमाग गुजरातेतून, कोकणातून व्यापारी मंडळी आपल्या खर्चाने गेली. तेव्हा नाताळात हिंदी माणूस म्हणून जो ओळखला जाई तो एक नव्हता. मळ्यातला एक आणि पेढीवरचा दुसरा. गोऱ्यांच्या लेखी दोघेही ‘कुली’, हा भाग निराळा.

१८९४ साली गांधी दादा अब्दुल्लांचा खटला आटोपून परत निघाले होते. हिंदी लोकांचा मताधिकार काढून घेणारे विधेयक त्यांच्या दृष्टीस पडले आणि व्यापाऱ्यांनी त्यांना ठेवून घेतले. प्रश्न आला तो पोटाचा. लोककार्याचे वेतन घेणार नाही, असे गांधींनी स्पष्ट सांगितले. तेव्हा सुमारे वीस व्यापाऱ्यांनी आपापली कोर्टाची कामे वर्षभर त्यांच्याकडे सोपवून त्यांची फी आगाऊ बांधून दिली. वकील म्हणून पैसा घ्यायचा आणि सेवक म्हणून फुकट राबायचे, अशी ही वाटणी. मला ती फार शहाणपणाची वाटते. कारण पगार घेणारा सेवक पगार देणाऱ्याच्या तोंडाकडे पाहू लागतो, हे आपण कितीतरी संस्थांत पाहिले आहे.

त्याच वर्षी नाताळ इंडियन काँग्रेस निघाली. वर्गणी दरमहा निदान पाच शिलिंग. दादा अब्दुल्लांनी स्वतः दोन पौंड लावून घेतले, गांधींनी एक. वसुलीच्या हकिकती मोठ्या रंजक आहेत. टोंगाट गावी एका व्यापाऱ्याकडून सहा पौंड हवे होते, तो तिनावर अडून बसला. रात्र झाली, मंडळी भुकेली, पण सहा मिळाल्याखेरीज जेवायचे नाही असा निर्धार. सारी रात्र बसून काढली. पहाटे यजमानांनी सहा पौंड मोजले आणि मग सर्वांना जेवू घातले! पैन् पैची पावती दिली जाई आणि हिशेब चोख ठेवला जाई.

आता वाचकांनी थोडे गणित करावे. दरमहा पाच शिलिंग म्हणजे वर्षाचे साठ शिलिंग, म्हणजे बरोबर तीन पौंड. ज्या मजुराची पहिल्या वर्षीची मिळकत महिना दहा शिलिंग, त्याने निम्मी मिळकत वर्गणीत घालायची! अर्थात तो सभासद झालाच नाही, आणि त्याची वाटही कोणी पाहिली नाही. काँग्रेस होती ती पेढीवरच्यांची.

मळ्यातला माणूस या संस्थेच्या दारात आला तो बालसुंदरम् याच्या रूपाने. तमिळ गिरमिटिया, मालकाने मारून पुढचे दोन दात पाडलेले, फाटके कपडे, हातात काढून घेतलेले पागोटे. गांधींनी त्याला आधी डॉक्टरकडे नेले, जखमांचा दाखला घेतला, मग मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले. मालकाला शिक्षा करवण्याचा आग्रह त्यांनी धरला नाही. गिरमिट दुसऱ्या मालकाच्या नावे करून घेतले. कायद्याने एवढेच होऊ शकत होते. मजूर मोकळा झाला नाही, फक्त त्याचा धनी बदलला. तरीही ही बातमी मळ्यामळ्यांतून पसरली, आणि आपल्याकरिताही कोणी वकील आहे हे मजुरांना कळले.

लगेच पुढच्या वर्षी, १८९५ मध्ये, नाताळ सरकारने कायदा केला. गिरमिट संपलेल्या मजुराने हिंदुस्थानात परत जावे, नाहीतर पुन्हा गिरमिट लिहून द्यावे, नाहीतर दरसाल कर भरावा. मूळ बेत पंचवीस पौंडांचा होता. व्हाइसरॉय एल्गिन यांनी तीन पौंडांना मान्यता दिली. पुढे सोळा वर्षांवरचे मुलगे आणि तेरा वर्षांवरच्या मुलीही त्यात ओढल्या गेल्या. अशा चौघांच्या कुटुंबावर वर्षाला बारा पौंड, आणि कर्त्याची मिळकत महिना चौदा शिलिंग धरली तरी सालाचे आठ पौंड आठ शिलिंग. हा कर नव्हता. पुन्हा मळ्यात हाकलण्याचा आसूड होता. काँग्रेसने त्याविरुद्ध आवाज उठवला, पण जीव पणाला लावून लढण्याची वेळ यायला अठरा वर्षे जावी लागली.

मधल्या काळात लढ्याचे केंद्र ट्रान्सव्हालकडे सरकले. तिथे १९०७ पासून नोंदणीच्या कायद्याविरुद्ध माणसे तुरुंगात जाऊ लागली. १९०९ अखेर दम संपत आला होता. व्यापारी थकले होते, पुष्कळांनी काढता पाय घेतला होता. गांधी इंग्लंडहून रिकाम्या हाताने परतले आणि केपटाऊनला उतरतात तोच तार आली: मुंबईच्या रतन टाटांनी पंचवीस हजार रुपये दिले. (हे जमशेटजींचे धाकटे चिरंजीव, पुढे १९१६ साली ‘सर’ झालेले. २०२४ मध्ये निवर्तलेले उद्योगपती रतन टाटा ते वेगळे. त्यांचे वडील नवल यांना या सर रतन यांच्या पत्नी नवाजबाईंनी दत्तक घेतले होते.) हेन्री पोलॉक हे गांधींचे सहकारी त्या वर्षी हिंदुस्थानात फिरत होते आणि गोखले त्यांच्या पाठीशी उभे होते. टाटांनी १९१३ पर्यंत पाच हप्त्यांत सव्वा लाख रुपये दिले.

हा पैसा गेला कुठे? तुरुंगात गेलेल्यांच्या कुटुंबांच्या पोटाला, लंडन आणि जोहान्सबर्गच्या कचेऱ्यांना, ‘इंडियन ओपिनियन’ पत्राला. आणि पैसा पुरावा म्हणून कुटुंबे एकत्र आणली गेली: १९१० मध्ये कॅलनबाख या जर्मन वास्तुशिल्पज्ञाने आपली अकराशे एकरांची जमीन बिनभाड्याने दिली, तेच टॉल्स्टॉय फार्म. १९१२ च्या एप्रिलमध्ये गांधींनी टाटांना पत्र लिहून खर्चाचा तपशील कळवला आणि ते जाहीर केले. पैशाने सत्याग्रह चालत नाही असे म्हणणारा हा माणूस हिशेबाला मात्र पक्का होता.

त्याच साली ऑक्टोबरात गोखले स्वतः तिकडे गेले. जोहान्सबर्गच्या सभेत कोकणी मुसलमान आणि काही महाराष्ट्रीय हिंदू होते, तेव्हा मराठीत बोला असा गांधींचा हट्ट. तुम्हाला मराठी कुठे येते, म्हणून गोखल्यांनी थट्टा केली. पण बोलले ते मराठीतच, आणि त्याचे हिंदुस्थानी भाषांतर गांधींनी केले. पुढे प्रिटोरियाला मंत्र्यांना भेटून आले तेव्हा तीन पौंडांचा कर जाणार, अशी गोखल्यांची खात्री झाली होती. गांधींना ती वाटत नव्हती. १९१३ मध्ये स्मट्स यांनी असे वचन दिलेच नव्हते म्हणून हात वर केले.

माझ्या मते या इतिहासाचा सांधा इथे आहे. आपल्या पाहुण्याला दिलेला शब्द मोडला, म्हणून मळ्यातल्या माणसाचे दुःख प्रथमच लढ्याच्या मागण्यांत आले. न्यूकॅसलच्या कोळशाच्या खाणी ओस पडल्या. ६ नोव्हेंबर १९१३ रोजी दोन हजारांवर स्त्रीपुरुष ट्रान्सव्हालच्या सरहद्दीकडे चालू लागले. शिधा माणशी दीड पौंड पाव आणि औंसभर साखर. एवढ्यांना कोण पोसणार? पेढीवरच्या वर्गणीने ते होणे नव्हते. हिंदुस्थानात गोखले आजारी होते, डॉक्टर विश्रांती घ्या म्हणत होते, पण ते पैसा उभा करीतच राहिले. त्यांचे देहावसान १९१५ च्या फेब्रुवारीत पुण्यास झाले. त्या थकव्याचा हिशेब मात्र कोणत्याच वहीत नाही.

१९१४ च्या कायद्याने तीन पौंडांचा कर रद्द झाला, थकबाकीही माफ झाली. जुलैमध्ये गांधींनी आफ्रिका सोडली. काँग्रेसला कायमचे उत्पन्न असावे म्हणून पूर्वी डर्बनमध्ये एक मिळकत घेतलेली होती. तिच्या भाड्यातून खर्च चालावा, लोकांकडे हात पसरावा लागू नये, हा हेतू. गांधींच्या पाठीमागे विश्वस्तांत भांडणे लागली, आणि ते भाडे कोर्टात जमा होऊ लागले.