एका नाममुद्रेच्या दोन तबकड्या

टेक्सासात १९३१ साली जन्मलेल्या शेल्बी सिंगलटन यांनी मर्क्युरी कंपनीची नोकरी सोडून नॅशव्हिलमध्ये स्वतःचा व्यवसाय थाटला. १९६८ साली त्यांच्या ‘प्लँटेशन’ने जीनी सी. रायली यांची ‘हार्पर व्हॅली पी.टी.ए.’ ही तबकडी काढली. विधवा मातेला नावे ठेवणाऱ्या पालक-शिक्षक संघाचे ढोंग उघडे पाडणारे हे गीत कंट्री आणि पॉप अशा दोन्ही याद्यांत अग्रस्थानी गेले. पुढल्याच वर्षी त्यांनी सॅम फिलिप्स यांची प्रख्यात ‘सन’ कंपनी विकत घेतली.

१९७१ साली मात्र व्हिएतनाममधील माय लाय येथे २२ ग्रामस्थांच्या हत्येबद्दल दोषी ठरलेल्या लेफ्टनंट कॅलीचा कैवार घेणारी तबकडी त्याच नाममुद्रेने विकली. खप दहा लाखांवर गेला. सिंगलटन २००९ साली निवर्तले. शेजाऱ्याचे ढोंग अचूक टिपणारा कान स्वतःच्या दुकानात बधिर कसा होतो, हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारतो.